लाल म्हणजे निवत आलेलं

एलिओदोरो आयाविरे हेडलाइट न लावता गाडी चालवतो.
माथ्यावर दुर्बिणी उघड्या असताना
उजेड करायचा नसतो.
बत्तीस वर्षं तांब्याच्या भट्टीवर काढली,
आता अंधाराची राखण करतो.

अटाकामात मृग उलटा उगवतो,
खाली डोकं, वर पाय,
आणि त्याच्या खांद्यावरचा तो लाल ठिपका
क्षितिजाकडे कललेला.
मी म्हटलं, आमच्यात याला आर्द्रा म्हणतात. म्हणजे ओली.
तो इतका हसला की ढास लागली.
त्याच्या गावात शेवटचा पाऊस पडला तेव्हा
मुलगी रांगत होती.
परवा तिचं लग्न झालं.

"बघ, किती तापलाय," मी म्हटलं.
"छे! तापलेलं पांढरं असतं.
लाल म्हणजे निवत आलेलं.
भट्टीवर पहिल्याच दिवशी शिकवतात हे,
नाहीतर हात जातो."

खरंच आहे. सूर्याहून निवलेला,
आणि सूर्याच्या जागी ठेवला तर
बुध, शुक्र, आपण, मंगळ, सगळे पोटात.
पोट तरी कसलं,
आपल्या श्वासातल्या हवेहूनही विरळ.
एवढ्या पसाऱ्यावर उकळी फुटते
ती मोजक्याच बुडबुड्यांची.

वयाने तसा पोरच.
पायाखालचा हा दगड त्याच्याहून थोरला.
जास्त घेऊन आला, म्हणून भराभर संपवतोय.
हे एलिओदोरोला समजावावं लागलं नाही.
धाकटा भाऊ रेमिहियो
दोन-दोन पाळ्या करायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला.

त्या फेब्रुवारीत तारा मंदावला.
वर कुणाचा डोळ्याला डोळा लागेना,
पोरं म्हणायची, आज फुटणार, आज फुटणार.
हा फाटकावर काढा ढवळत म्हणाला,
"धूळ असेल. खोकला असेल तो."
आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली,
आतली बाजू मला न दाखवता.

धूळच निघाली.

फुटेल कधीतरी. लाखभर वर्षांनी, किंवा उद्या.
हायड्रोजन संपला की हेलियम,
मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन,
सिलिकॉन तर दिवसाभरात,
आणि मग गाभ्यात नुसतं लोखंड.
मी विचारलं, पुढे?
"पुढे काय? लोखंड जाळून
कुणाला ऊब मिळालीय?"

पहाटे त्याने रजिस्टरात लिहिलं, विशेष काही नाही.
गाडीचं बॉनेट अजून कोमट होतं.
त्याने दोन्ही तळवे त्यावर टेकले
आणि थोडा सरकला,
माझ्यापुरती जागा करून.