एकोणीस नंबर

रस्त्याचं नाव क्वेल रिज.
अठरा घरं जमीनदोस्त, एक उभं.
मी विमा कंपनीचा माणूस.
बुटांना प्लास्टिक गुंडाळून राखेत हिंडतो,
जिथे भिंतच उरली नाही
तिथली लांबी-रुंदी जुन्या नकाशावरून उतरवतो.

सात नंबरचा हॅल्वर्सन
कुठून तरी खुर्ची मिळवून
आपल्या उरलेल्या धुराड्यासमोर बसला होता.
तो सांगत गेला, मी लिहीत गेलो:
काटे-चमचे चोवीस, वय एकतीस वर्षं.
गोठवणपेटी, वय सहा. आत अर्धं हरीण.
"हरणाचं वय लिहायचं का?"
आम्ही दोघं हसलो.
मग तो एकटाच
बराच वेळ हसत राहिला.

वयानुसार आम्ही झीज वजा करतो.
गालिच्याला वर्षाला दहा टक्के,
गादीला तितकेच,
पियानोला कमी.
अकरा नंबरची गाडी उतारावरून वितळून ओघळली होती
आणि वाटेतच थिजली होती,
चांदीच्या जिभेसारखी.
तिचे पैसे लगेच मिळाले.
वितळलेल्यावर कोणी वाद घालत नाही.

वाद घातला एकोणीस नंबरनं.

ओरालिया बेनाविदेस, शाळेची बस चालवायची,
आता निवृत्त.
घर जसंच्या तसं. पडदे, पायपुसणं,
दारावरची पितळी घंटासुद्धा.
फक्त पश्चिमेकडचे टोमॅटो वेलावरच शिजलेले.
का वाचलं, कुणी सांगावं?
वारा फिरला म्हणतात.
ती म्हणते, दर रविवारी शिडी लावून
पन्हळीतल्या पाइनच्या काड्या काढायचे मी,
हेच सगळे हसायचे मला.

पहिल्या आठवड्यात हेच सगळे
तिच्या न्हाणीघरात आंघोळ करून गेले.
तिच्या सोफ्यावर झोपले.
एक बाई टॉवेल परत देताना म्हणाली,
"तुझं बरं आहे"
आणि त्यानंतर फिरकली नाही.

मला तिनं कपाट उघडून दाखवलं.
"वास घ्या."
मी लग्नाच्या झग्यात नाक घातलं,
मग पिठाच्या डब्यात,
मग उशीत.
फॉर्मवर तीन चौकटी होत्या:
धूर सौम्य, मध्यम, तीव्र.
मी मध्यमवर खूण केली.
तिनं ती उलटीकडून वाचली, काही बोलली नाही.

नोव्हेंबरात तिला पत्र गेलं.
पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही.
सोबत आकाशातून काढलेला फोटो:
करड्या चौकोनांच्या मधोमध
तिचं एकुलतं एक लाल छप्पर,
त्याभोवती पेनानं गोल.
आगीनं सोडलं, कागदानं धरलं.

फोन मलाच आला. माझा विभाग वेगळा, मी सांगितलं.
बँक म्हणते, विमा नसेल तर आम्हीच काढू,
तिप्पट हप्त्याचा, तुझ्या कर्जात घालून.
हॅल्वर्सन चेक घेऊन मुलाकडे आयडाहोला गेला.
अकरा नंबर नवं बांधतोय, मोठ्या खिडक्यांचं.
"मग मी शिडी लावायला नको होती का?"
हा प्रश्न
दावा विभागाचा नाही, नूतनीकरणाचाही नाही.
मी फोन कानाशी धरून
कोणाकडे पाठवावा ते शोधत राहिलो.

एप्रिलमध्ये गेलो. काम नव्हतं,
खरं तर त्या बाजूला रस्ताही जात नाही.
ती वरच होती, शिडीच्या सातव्या पायरीवर.
आता झाडंच नाहीत,
काड्या कुठून येणार?
तरी रविवार होता.
खाली वाकून तिनं मूठ उघडली:
राख, ओली, थोडी चकाकणारी.
सातची असेल किंवा अकराची,
चौदा नंबरच्या पियानोचीही असेल.

मी सवयीनं विचारलं, वय?

"लिहा," ती म्हणाली,
"आठ महिने."