दोन घरचा पाहुणा

तीस वर्षं हिवाळ्यात माझं एकच काम होतं,
पहाटे साडेचारला उठून
आइलाच्या गाडीची काच खरवडायची.
त्या खरखरीवर शेजारचा टेरहो जागा व्हायचा,
घड्याळ त्याने कधी लावलंच नाही.
मग डिझेल खोकायचं, दम धरायचं, पुन्हा खोकायचं,
आणि वखारीच्या वळणापलीकडे आवाज विरला
की मी परत अंथरुणात,
तिच्या बाजूला.

आता ही नवी. अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची.
टेरहो कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरला,
म्हणाला, दोन घरचा पाहुणा उपाशी.
उपाशी कसली!
अंगणातल्या ज्या खांबावरून आम्ही
जुन्या इंजिनाला ऊब द्यायचो
तोच खांब हिला रात्रभर जेवू घालतो.
सव्वाचारला ती आपली आपण जागी होते.
आत पंखा पुटपुटतो,
काचेवरचा बर्फ कडेकडेने सुटतो
आणि कुणी हात न लावता घरंगळतो.
आइला हातमोजे खिशात ठेवून बसते.
सीट म्हणे नुकत्या काढलेल्या राईच्या भाकरीसारखी.
दार हलकेच ओढते
आणि जाते.

अकरा घरं आहेत तिची, कयानीच्या बाहेर विखुरलेली.
कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या पायाची पट्टी,
एका घरी तर नुसतं विचारायचं, झोप लागली का.
उन्हाळ्यात अकराही घरं विजेवर होतात,
थंडीत सात.
आठव्या घरी लेम्पी राहते, वय त्र्याण्णव, कान शाबूत.
मे महिन्यात नवी गाडी दाराशी आली
तर म्हातारी उंबऱ्यात दचकली,
"बाई गं, अशी चोरपावलांनी येतेस,
मला वाटलं, लागला माझा नंबर."
तेव्हापासून आइला फाटकाशी हॉर्न देते,
दोनदा, तोही घसा खाकरल्यासारखा.

मान्य आहे, सुख आहे.
पेट्रोल पंपावरच्या पोरीने विचारलंही,
तुम्ही गाव सोडलंत की काय?
ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी
काही कारण नसताना इंजिन सुरू झालं.
आइलाने चष्मा लावून पुस्तिका वाचली.
टाकीतलं पेट्रोल फार दिवस पडून शिळं होतं,
म्हणून गाडी मधूनच थोडं जाळून टाकते.
मी म्हटलं, शहाणी आहे.
आणि मग बराच वेळ
माझ्या खरवडणीकडे बघत बसलो.
खुंटीवर होती. पितळी पात्याची.

नोव्हेंबरात एकदा जाग आली तर सात वाजलेले.
बाजूची उशी गार.
सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा
ती केव्हा गेली हे मला माहीत नव्हतं.

केबल तेव्हा मी माझ्याकडे घेतली.
रात्री नऊला, उणे अठरा असो की वीस,
सुक्या बोंबलासारखी ताठ झालेली ती केबल
मी गुडघ्यावर वाकवतो,
तोंडावरचा बर्फ बाहीने पुसतो,
खट् होईपर्यंत दाबतो,
हिरवा ठिपका लुकलुकला की
दोन मिनिटं उगाचच उभा राहतो.
आइला खिडकीतून ओरडते,
अर्ध्या मिनिटाचं काम, मी केलं असतं!
ठाऊक आहे मला.

परवा उणे सव्वीस होतं.
एवढ्या थंडीत बॅटरी एकटी पुरत नाही,
ऊब राखायला इंजिनाला उठावंच लागतं.
मी अंधारात पडून होतो.
दार ओढल्याचं ऐकलं नाही.
चाकाखाली बर्फ दबल्याचं, कदाचित.
मग बऱ्याच वेळाने, दूर,
वखारीच्या चढावर
ती खोकली. एकदाच.

मी तिच्या जागेवर सरकलो.
चादर अजून निवली नव्हती.
समोर टेरहोच्या खिडकीत
दिवा लागला.