मुहर्रकला बर्फ पडला त्या रात्री

सात चाळीसला शमाल सुटला
आणि पडदा फाटला. उभाच, वरपासून खालपर्यंत,
पोत्याची शिवण उसवावी तसा.
दोनशे खुर्च्या मांडून झालेल्या,
पाहुणे बसलेले, हातात करक चहाचे कागदी कप,
कुणी चिलीहून आलेलं, कुणी एस्टोनियाहून,
सगळे माना वर करून वाऱ्याकडे बघत,
जणू पहिली फिल्म वाऱ्याचीच.

माझं काम वीज. फिल्मांतलं मला कळत नाही.
केबल कुठून न्यायची, टेप कुठे मारायची,
कुणाच्या पायात काय येईल, एवढं कळतं.
तरी फवाज माझ्याकडेच वळला: आता?
मी नुसतं बोट दाखवलं.
भिंत.

शंभरेक वर्षांची असेल, जास्तही,
समुद्रातून ओढून आणलेल्या प्रवाळाच्या दगडाची.
वरून चुना, तोही जागोजाग पोपडे धरलेला.
मधोमध एक शिंपला, दगडातच राहून गेलेला.
आणि वर, उजव्या अंगाला,
लाकडी खिडकी. बंद.

मग देशोदेशीची माणसं
त्या एका भिंतीवर येऊन गेली.
चिलीच्या न्हाव्याच्या गालावर शिंपला.
त्बिलिसीच्या नवरीच्या गळ्यात शिंपला,
तिच्या आईच्या कपाळावर तोच.
एक पोरगा सायकलवरून सुसाट आला
आणि पोपड्यात शिरून बाहेर पडला, न धडपडता.

म्हसवडच्या जत्रेत, तंबूत,
आम्ही पडद्याच्या मागून सिनेमा बघायचो. तिकीट निम्मं.
अक्षरं उलटी, नायक डावखुरा.
तलवार डाव्याच हातात धरतात
असं मला दहावीपर्यंत वाटत होतं.
इथे मागे जायची सोय नव्हती.
मागे हज्जा लुलवा राहत होती.

आठवी फिल्म एस्टोनियाची. नऊ मिनिटं, बोलणं नाही.
बर्फ, बर्फ, आणि त्यातून चाललेला एक माणूस,
खांद्यावर शिडी.
शिडी कशाला, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत म्हणे.
फिल्म करणारी बाई, लीस, जनरेटरपाशी माझ्या शेजारी उभी,
नखं खात.

सहाव्या मिनिटाला
आभाळात, उजव्या अंगाला,
खिडकी उघडली.

खरीच. आतून पिवळा दिवा,
दिव्यापुढे ओढणी सावरत हज्जा लुलवा.
खाली माणूस शिडी घेऊन तिच्याच दिशेने चाललेला.
मी ओरडायला तोंड उघडलं, तर
लीसने माझं मनगट धरलं. घट्ट.
आणि वर हज्जाने हात बाहेर काढला,
पाऊस आहे का बघतात तसा, तळवा वर करून.
त्या तळव्यावर बर्फ पडत राहिला.
मेंदीच्या जुन्या डागांवर, अंगठीवर,
पडत राहिला, साठला नाही.

खुर्च्यांतून कुणी हललं नाही.
मग ती आत गेली, खिडकी लागली,
आणि माणूस चालतच होता.
टाळ्या झाल्या तेव्हा लीसने मान हलवली,
माझ्या नाहीत, अशी.

साडेअकराला मी केबल गुंडाळत होतो.
हज्जा दारात आली. बाप तिचा
मोती विकायला मुंबईला जायचा,
तिकडून अर्धी भाषा घरात आलेली.
‘मेरे घर पे क्या गिराया?’
मी म्हटलं, बर्फ.
ती जरा वेळ भिंतीकडे बघत राहिली.
‘और साफ कौन करेगा?’

पहाटे ट्रक भरायला आलो तेव्हा
ती उंबऱ्याबाहेर झाडत होती.
वाळूच होती ती, शमालने आणलेली,
रोजच असते.
तरी मी खांद्यावर केबल घेऊन
तिच्या ढिगाला वळसा घालून गेलो.