मोडेन पण

आमच्या घरात मोहरी फोडणीपुरती.
शहर संपलं की तीच सरसों होते,
मुरैन्यापर्यंत, चंबळच्या बेहडाच्या कडेपर्यंत
पिवळी, सपाट,
कुणी जमिनीला इस्त्री करून ठेवल्यासारखी.
पुण्याची भाची विचारते, आत्या, डोंगर कुठे गं इथे?
मी किल्ल्याकडे बोट करते. एवढाच.
उत्तरेच्या वाऱ्याला अडवायला
ग्वाल्हेरकडे दुसरं कुणी नाही.

सत्तावीस वर्षं
सकाळी साडेआठचा पारा मी वहीत लिहिला.
धुक्यात पांढरा पिंजरा दिसायचा नाही,
कुंपणाला हात लावत लावत जायची.
किमान. कमाल. दव. दृश्यता: पन्नास मीटर.
(माझ्या चष्म्यातून दहा.)

थंडीचा खरा हिशोब मात्र
दौलतगंजात, हरविलास शिवहरेच्या भट्टीवर.
पहाटे चारला गुळाचा पाक खुंटीला अडकवून
दोघं भिंडवाले ओढत राहायचे,
तांबडा गूळ ओढून ओढून पांढराफटक.
मग तीळ. मग लाकडी मोगऱ्या, ठाक ठाक,
अख्खी गल्ली त्या ठेक्यावर दात घासायची.
“आज कितने पे है, बाईसाहब?”
तीन पूर्णांक दोन.
“तब तो खस्ता बनेगी.”
मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण
माणसांपैकी कुणाला लागू पडली मला ठाऊक नाही.
त्याच्या गजकेला पडायची.

भिंडवाले पूर्वी चार महिने राहायचे.
आता दोन, तेही मोजून,
मग गाडी धरतात सुरतेची.
मधमाश्यांच्या पेट्या घेऊन येणारा बलविंदर
यंदा आठवड्याभरात परत निघाला,
म्हणाला, फूल आधीच झडलं, माश्या काय माती खातील?
तेलगिरणीत राठौरकाका
दाणा चिमटीत धरून बघतात नि खाली ठेवतात.
बोलत नाहीत.
माझ्या वहीत हे सगळं
दीड अंशात मावतं.

आणि पौषात, भर पौषात,
हरविलासच्या मुलानं, लोकेशनं,
ठोकायच्या खोलीत एसी बसवला.
दार लोटलं की आत एकोणीसशे ब्याऐंशीचा जानेवारी,
बाहेर लोक स्वेटर कमरेला बांधून.
हरविलास दारातच बसून असतो.
आत जात नाही.
“मशीन की ठंड में वो बात नहीं,” म्हणतो,
आणि विजेचं बिल घडी घालून
तिळाच्या डब्याखाली सरकवतो.

आता वेधशाळेत माणूस लागत नाही.
खांबावरचं यंत्र स्वतःच आकडा पाठवतं, दर पंधरा मिनिटांनी.
मी तरी साडेआठला गच्चीवर जाते,
सवय, दुसरं काय.

संक्रांतीला पुडा आला लोकेशकडून.
एसी त्या दिवशी बंद होता म्हणे, लाइट नव्हती.
मी एक तुकडा दोन्ही हातांनी धरला,
मोडायला गेले.
वाकला.

पुड्याच्या कागदावर तारीख घातली,
वेळ घातली.
आकड्याच्या जागी काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.