तीनातली एक

खोका फुटला होता, फळ्या विखुरल्या होत्या.
कुणाच्या पायात घुसू नयेत म्हणून
मी वाकून तीन चुका उचलल्या
आणि शर्टाच्या खिशात टाकल्या, पेनाजवळ.
इथवर माझं काहीच चुकलं नव्हतं.

मग टाकीवर ओणवा झालो.
मकरपुऱ्यात बत्तीस वर्षं हेच करत आलोय,
ट्रान्सफॉर्मरच्या पोटात डोकावायचं, टॉर्च मारायचा,
तांब्याच्या वेटोळ्यांवरून नजर फिरवायची
आणि तक्त्यातल्या अकराव्या ओळीपुढे,
'आत बाहेरची वस्तू नाही',
सही करायची.
त्या दिवशी शनिवार. साडेपाच वाजलेले.
सही आधी केली,
टॉर्च राहिला.

गुरुवारी चाचणीला दाब चढवत नेला
आणि आत कुणी चाबूक ओढावा तसा आवाज झाला.
एकदाच.
तेल काढलं. क्रेननं गाभा वर घेतला.
दोन वेटोळ्यांच्या मध्ये ती,
काळी, अर्धी वितळलेली, पाऊण इंचाची.
अश्विनभाईंनी चिमट्यात धरली, म्हणाले, एकोणीस लाख.
जणू तिच्यावरची किंमत वाचून दाखवली.
मग आमच्याकडे वळून, कोनी भूल?

गुजरातीत चुकीला भूल म्हणतात.
आमच्या घरी भूल म्हणजे
ऑपरेशनच्या आधी देतात ती.
मला ती तिथल्या तिथे चढली.

खोके कोण उघडतं? रमसिंग राठवा.
छोटा उदेपूरचा पोरगा, एकवीस वर्षांचा,
अजूनही हजेरीचं कार्ड उलटं सरकवणारा.
मी टाकीपाशी गेलोच नाही, म्हणाला.
उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.
मी तेलाच्या डागावर भुसा टाकत राहिलो.

रात्री दांडिया बाजारात, घरी,
कुंदाला विचारलं, त्या शर्टात काही होतं का?
'दोन चुका निघाल्या धुताना.
खिशात कसल्या चुका घेऊन फिरता?'
दोनच?
'दोनच. बटणांच्या डबीत टाकल्यात.'

शुक्रवारी वाटलं, कंपनीचा विमा असेलच.
शनिवारी वाटलं, निवृत्तीला चौदा महिने उरलेत.
रविवारी सुरसागरच्या काठी शेवउसळ खाल्ली,
रस्सा तीनदा मागून घेतला,
घाम आला की जरा बरं वाटतं.
पाव देणारा पोरगा रमसिंगच्याच वयाचा.
त्याचं नाव विचारलं नाही.

सोमवारी अश्विनभाईंच्या टेबलावर डबी उपडी केली.
दोन चुका, चार बटणं, एक हूक.
म्हणालो, तिसरी तुमच्याकडे आहे.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
नखानं चुका एका बाजूला सारल्या,
बटणं माझ्याकडे ढकलली.
पंखा आवाज करत होता, त्याचं बेअरिंग गेलंय,
हे मला अशा वेळीही कळलं.

पगारवाढ गेली. सहीचा अधिकार गेला.
रमसिंगला परत बोलावलं,
दोन दिवसांचा खाडा मात्र तसाच.
ते पैसे मी द्यायला गेलो.
त्यानं मोजले, घडी घालून ठेवले,
विचारलं, गुरुवारी तुम्हाला माहीत नव्हतं का?
गुरुवारी रात्री कळलं, म्हणालो.
म्हणजे तीन रात्री, तो म्हणाला.
आधी काका म्हणायचा.
आता घाटगेसाहेब म्हणतो, अगदी अदबीनं.

महिन्यानं सगळ्या विभागाला बिनखिशाचे शर्ट आले.
पोरं त्याला घाटगे फॅशन म्हणतात,
माझ्यासमोर म्हणतात, म्हणजे ठीकच चाललंय.
पेन मी कानामागे ठेवतो.
टाकीवर ओणवं होण्याआधी
हात आपसूक छातीशी जातो, चाचपतो,
तिथं कापडाखाली नुसती बरगडी लागते.
तरी तीनपर्यंत मोजतो.