का?

भांडुपला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या गच्चीवर
चार गुंठ्यांचं पॉलिहाऊस.
समोरच्या टेकडीवर अख्ख्या शहराचं पाणी
गाळून, निवळून पुढे जातं,
आमच्या काकड्यांना मात्र टँकर.

माझं काम प्रश्न विचारायचं.
धर्मीबाय भोईर, कांजूरच्या खाडीकाठी
खारट मातीत चाळीस वर्षं माठ-मुळा काढलेली.
पाणी कधी द्यायचं, कसं कळतं तुम्हाला?
ती म्हणाली, कळतं.
मी वहीत लिहिलं : कळतं.
पहिल्या आठवड्यात एवढंच.

मग एका दुपारी तिनं माझी बोटं धरून
काकडीच्या पानाच्या पाठीला लावली.
गार आहे? मग पितंय ते. राहू दे.
कोमट लागलं की समज, घसा सुकला.
आणि हे बघ, दुपारी मान टाकणारं झाड नाटकी,
सकाळी टाकणारं खरं.
कोकोपीटच्या पिशवीवर टिचकी मारली,
बाजारात कलिंगडावर मारतात तशी,
आवाज ऐकला, आणि नळ उघडलाच नाही.

मी लिहीत गेले.
जर सकाळी मलूल, तर पाणी.
जर फक्त दुपारी मलूल आणि पिशवी जड,
तर थांब, सावलीची जाळी ओढ.
जर आभाळ भरलेलं आणि पन्हळीत निचरा अजून वाहतोय,
तर अकराची पाळी रद्द.
एकशे बारा जर, एकशे बारा तर.
धर्मीबाय हसली : जन्मात जरतारी नेसले नाय,
आता हे जर-तरीच नेसव मला.

पडद्यावर एक बटण ठेवलं होतं. का?
यंत्रानं पाणी दिलं, तोडलं, की कारण विचारायचं.
ती दिवसातून वीसदा दाबायची.
अक्षरं येत : कारण पान गार आहे, झाड पितंय.
माझंच मला शिकवतंय मेलं, म्हणायची,
आणि परत दाबायची.

टँकर दिवसाआड झाला.
अस्गर ड्रायव्हरनं खालूनच विचारलं,
धंदा बसला काय तुमचा?
मी त्याला शिमला मिरचीची पिशवी दिली,
त्याचं तोंड काही उजळलं नाही.

ऑक्टोबरात तिसऱ्या ओळीतल्या सेन्सरात मुंग्यांनी घर केलं.
पडदा म्हणत राहिला : ओल भरपूर, ओल भरपूर.
धर्मीबायनं टिचकी मारली. खोटं बोलतोय तो.
बादली घेऊन स्वतः चालत गेली.
रात्री मी एकशे तेरावा नियम लिहिला :
जर यंत्र आणि धर्मीबाय यांचं जुळत नसेल,
तर धर्मीबाय.
त्याचं कारण काय दाखवायचं, ते सुचलं नाही.
जागा रिकामी सोडली.

परवा तिच्या घरी गेले, टेकडीच्या उतारावर, गल्लीच्या टोकाला.
पहाटे साडेचार ते पाच पाणी, कधी तेही नाही.
हंडे, डबे, एक रंगाचा जुना पिंप रांगेत.
नळ दोनदा खोकला, हवा सोडली, गप्प झाला.
धर्मीबायनं अंगठा त्याच्या तोंडावर ठेवला,
बटण दाबावं तसा दाबला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
का?