तिकिटामागची बाकी

पिशवीचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला,
अठरा वर्षं तसाच.
त्याला मधे एक वाट होती, दोन बांधांमधली.
आता डावीकडे बांधच नाही.
जिंतूरहून वाटूर फाट्यापर्यंत तीनदा
तो काखेकडे घसरतो, तीनदा मी ओढून आणते,
आणि मागच्या सीटवरची बाई
मुद्दाम खिडकीबाहेर बघते.

राळ्याचे दाणे भरून एक पिशवी शिवली होती, आत ठेवायला.
मंठ्याच्या बाजारच्या गर्दीत ती सरकून गळ्याशी आली.
मी तशीच ओरडत राहिले,
पुढे सरका, पुढे सरका.

विम्याचा माणूस म्हणाला,
गाठ काढली ती बसली ताई योजनेत,
हे मात्र सौंदर्यात मोडतं.
सौंदर्य!
अठरा वर्षांत आगारात हा शब्द
माझ्यासाठी पहिल्यांदाच निघाला,
तोही नाही म्हणायला.

मग डॉक्टर बघत हिंडले, साप्ताहिक सुट्टीला.
पहिल्याकडे अल्बम होता, शालूच्या दुकानात असतो तसा,
पान उलटत म्हणाला, यातलं कसं हवं?
बायांना चेहरे नव्हते त्यात.
दुसरा नांदेडचा, स्वस्तातला,
पाठीचं मांस काढून पुढे लावू म्हणाला, आठ दिवसांत घरी.
वर नवऱ्याशीच बोलला सगळं,
मी जणू लगेज.

तिसरी संभाजीनगरची, केस पिकलेली बाई,
जिना चढून गेले तर डबा खात होती.
हात धुऊन आली आणि आधी विचारलं,
पिशवी कोणत्या खांद्याला अडकवता?
मशीन कोणत्या हातात?
पाठीचं घेतलं तर तो खांदा कमजोर पडेल, म्हणाली,
पोटाचं घेऊ, तिथे आहे बरंच.
दोघी हसलो.

मी तपासणी पथकासारखं विचारलं,
किती केल्या? किती फसल्या?
त्रेचाळीस. चार.
कागद न बघता.
दिवसाची कॅश जुळलेली बाई अशीच बोलते.
शेक दिलेली कातडी आहे, म्हणाली, रुसूही शकते,
कदाचित दोनदा झोपवावं लागेल तुम्हाला.
आणि हात लावला तर कळणार नाही, हे आत्ताच सांगते.
मी म्हटलं, पट्ट्याला कळलं तरी पुरे.

खर्चाचा कागद घरी टीव्हीवर ठेवला. कुणी हलवला नाही.
नणंद म्हणाली, या वयात कामून गं? झाकलेलंच तर आहे.
तिचं खोटं नव्हतं. लेकीच्या ॲडमिशनला जुलैत लागतील
तेवढेच होते ते पैसे, शंभर-दोनशेच्या फरकाने.
रात्री मी बेरीज पुन्हा केली,
फरक तेवढाच आला.
सकाळी लेकच म्हणाली, माझं कर्ज होतं बँकेत,
तुझं होत नाही.

सोसायटीचं उचललं. फंडातून काढलं.
आगारातल्या बायांची भिशी, नंबर शेवंताचा होता,
तिने चिठ्ठी माझ्या डब्याखाली सरकवली
आणि पोळीच्या तेलकटपणावर बोलत बसली.
लिंबाजी ड्रायव्हर काही बोलला नाही, पैसेही दिले नाहीत,
फक्त गेल्या वर्षापासून गतिरोधकाला
तो गाडी जवळजवळ थांबवतो.
पॅसेंजर शिव्या देतात त्याला.

काउंटरला नोटा मोजल्या, आमच्या पद्धतीने,
उभ्या दुमडून, बोटांच्या फटीत.
दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या.
कॅशियर पोरगा बघतच राहिला,
मावशी, मशीनपेक्षा फास्ट.
पावती दे, म्हटलं, आधी पावती.

पूर्ण नव्हते. अडीच हजार कमी पडले.
तो आत विचारून आला,
पावती उलटी केली, बॉलपेन झटकलं,
आणि मागे लिहिलं: बाकी २५००.
खाली गोल केला.

किती तिकिटांच्या मागे मी असंच लिहून दिलंय,
सुट्टे नाहीत, उतरताना घ्या.
कितीक जण घाईत तसेच उतरून गेले
जालन्याला, बदनापूरला.

मी पावती चौघडी करून ठेवली,
सवयीने, डावीकडे ब्लाउजमध्ये.
ती सरकून खाली आली.
वाकून उचलली.